लाइनचं भाडं

“आणि लाइनचं भाडं?” सिस्टर रणभिसेंनी विचारलं.

फॉर्म भरून झाला होता. पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, पेन्शनच्या पासबुकाची झेरॉक्स, सगळं मी टाचणीनं जोडलं होतं. सही तेवढी राहिली होती. सिस्टरनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पेन हातात तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

“नाही, सिस्टर,” मी म्हणाले.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. इंटरनेटचे पैसे भरायचे, आणि कॉल केले तर कॉलचे. लाइनला वेगळं भाडं नाही.”

“जुन्या फोनला तर असतं दर महिन्याला.”

“म्हणून तर लोक बदलतायत.”

त्यांनी आणखी क्षणभर पाहिलं आणि सही केली. सुवार्ता शांतवन रणभिसे. केसपेपरवर शोभावं असं एकेक अक्षर सुटं, स्वच्छ. मग पेन मला परत देता देता त्यांनी अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली.

“रक्त कमी आहे तुझं. दिवसभर उन्हात फिरतेस आणि खातेस काय? चहा?”

“चहाच.”

“खजूर खा. आणि पालेभाजी. बस, पोहे टाकते.”

मिरजेतली ही २०१० सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. बी.कॉम. होऊन दोन वर्षं इकडेतिकडे टायपिंग केलं, मग ‘वेगधारा’ कंपनीत लागले. कंपनी गावात नवी. घरचा फोन आणि ब्रॉडबँड एकाच तारेवर द्यायची. मी त्यांची सेल्स एक्झिक्युटिव्ह. हुद्दा भारदस्त, काम दारोदार. निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक आणि बुडाखाली मामाची जुनी स्कूटी. पद्मजा चिकोडे हे नाव पहिल्या सहा महिन्यांत सांगली-मिरज विभागाच्या यादीत सगळ्यात वर गेलं. मी या कामात चांगली होते. हे सांगताना मला तेव्हाही संकोच वाटत नसे, आजही वाटत नाही. दार उघडणारं माणूस वैतागलेलं आहे की एकटं आहे की नुसतं उत्सुक आहे, हे मला चप्पल काढायच्या आत कळायचं.

नवजीवन कॉलनी मात्र दोन महिने मला दाद देत नव्हती. रेल्वेलाइनच्या पलीकडे साठ-बासष्ट बैठी घरं. निम्मी मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्यांची, निम्मी रेल्वेतल्या लोकांची. कुठल्याही दारात गेलं की एकच उत्तर. “सिस्टरनी घेतला का? सिस्टर घेतील तर आम्ही घेऊ.”

सिस्टर म्हणजे सिस्टर रणभिसे. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी दवाखाना काढला नाही की ट्रस्ट काढला नाही. त्यांच्याकडे फक्त एक फोन होता. बेडग, आरग, मालगाव, म्हैसाळ, कुठकुठल्या गावांतून बायका त्या फोनवर विचारायच्या. बाळ दूध ओढत नाही. सासऱ्यांचे पाय सुजलेत. कळा सुरू झाल्यात, आत्ता निघू की सकाळी? सिस्टर कधीच औषध सांगायच्या नाहीत. “थांबू नका, निघा” किंवा “घाबरू नका, सकाळी दाखवा”, एवढंच सांगायच्या. पण ते बरोबर असायचं. त्यांचा नंबर लोकांच्या भिंतींवर कोळशानं लिहिलेला असे.

त्या वर्षी रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं आणि खोदताना जुन्या फोनची केबल दर आठ दिवसांनी तुटायची. फोन मुका. मी त्यांच्या दारात गेले तेव्हा चौदा दिवस तो मुका होता, आणि त्या चौदा दिवसांत आरगची एक गरोदर बाई उशिरा निघाली होती. बाई वाचली, मूल नाही. हे मला कॉलनीतल्या दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. सिस्टरनी सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “तुमची लाइन तुटत नाही ना?”

“आमची तार खांबावरून येते, सिस्टर. जमिनीतून नाही.”

हे खरं होतं. तार खांबावरूनच यायची आणि ती खरोखरच कधी तुटली नाही.

नवा फोन म्हणजे नवा नंबर. जुना नंबर सोडताना सिस्टरनी छापखान्यातून तीनशे कार्डं छापून घेतली आणि महिनाभर गावोगाव पाठवली. बाजारला आलेल्या बायकांच्या हाती, एसटीच्या कंडक्टरच्या हाती, चर्चमध्ये, दर्ग्याच्या उरुसात. आणि त्यांची सही झाल्याचं कळल्यावर कॉलनीतल्या आणखी बेचाळीस घरांनी तीन आठवड्यांत सह्या केल्या. मी स्वतः प्रत्येक घरी बसून फॉर्म भरले. निवृत्त गार्ड मुजावरसाहेबांनी तर मला सुनेच्या हातचा शिरखुर्मा पाजला आणि म्हणाले, “पोरी, आता दुबईचा नातू रोज दिसंल म्हणतीस ना? मग कर सही कुठं करायची ती.”

आमचे विभागीय मॅनेजर प्रसन्न खानविलकर पुण्याहून आले, सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “चिकोडे, मे महिन्यात तुझी कन्फर्मेशन. आणि पुण्याला ट्रेनर म्हणून. नव्या मुलींना तू शिकवायचंस.” आईनं त्या रात्री पार्श्वनाथाच्या देवळात नारळ वाहिला. पुण्याची नोकरी आमच्या घरात आजवर कुणाला लागली नव्हती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला. आवाज नेहमीचाच.

“चिकोडे, सवडीनं येऊन जा.”

त्या मला आडनावानंच हाक मारायच्या, शिकाऊ नर्सेसना मारत तशी. मी दुपारीच गेले. टेबलावर बिल होतं. त्यावर सिस्टरनी लाल पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ ओढली होती. लाइन चार्जेस, एकशे पंचाहत्तर रुपये.

“हे काय आहे?”

मी बिल हातात घेतलं. पहिल्यांदाच बघतेय असं दाखवत वरपासून खालपर्यंत वाचलं. पहिल्या तीन बिलांत ही ओळ नव्हती. हे चौथं बिल.

“दर महिन्याला येणार आहे हे?”

“तसं दिसतंय, सिस्टर.”

“फक्त मला नाही. मुजावरांना, कुंभोजकरांना, सगळ्या त्रेचाळीस घरांना आलंय. पेन्शनीत एकशे पंचाहत्तर म्हणजे कुणाची ब्लडप्रेशरची गोळी, कुणाचं दूध. मी चौकशीच्या नंबरवर फोन केला. तिथला मुलगा म्हणतो, फॉर्मच्या मागं लिहिलंय. भिंगातून बघितलं, लिहिलंय. इंग्रजीत. त्या अक्षरांपेक्षा मुंगी मोठी.” त्या थांबल्या. “आणि बंद करायचा तर वर्षाच्या आत बंद केला म्हणून दंड. तो मी भरेनही. पण नंबर जाईल, चिकोडे. जुना नंबर कधीच दुसऱ्या कुणाला देऊन झाला. तीनशे कार्डं वाटलीत मी. आता परत सगळ्यांना तिसरा नंबर सांगू? आरगची बाई कळा देता देता कुठला नंबर लावणार?”

मी बिल टेबलावर परत ठेवलं.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि अगदी शांतपणे विचारलं, “तुला माहीत होतं?”

खिडकीतून ऊन थेट माझ्या तोंडावर पडत होतं. सिस्टर माझा चेहरा बघत होत्या, पेशंटचा बघावा तसा.

“नाही, सिस्टर,” मी म्हणाले. “मला माहीत नव्हतं.”

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माझे हात सोडले आणि सुस्कारा टाकला.

“वाटलंच मला. म्हणजे तुलाही फसवलं त्यांनी. पोरींना उन्हातान्हात हिंडवायचं आणि खरं काय ते पोरींनाही सांगायचं नाही.” त्या उठल्या. रागानं त्यांचा पदर खांद्यावरून घसरला होता. “येत्या रविवारी हॉलमध्ये सभा ठेवतेय. तुझ्या त्या साहेबाला बोलाव. तू घाबरू नकोस. तुझी बाजू मी मांडते.”

मी बाहेर पडले. स्कूटी रेल्वे फाटकापर्यंत नेली आणि बाजूला लावून थांबले. गाडी यायला वेळ होता, फाटकही उघडंच होतं, तरी मी थांबले.

मला माहीत होतं. सिस्टरनी सही करायच्या आधीपासून माहीत होतं.

जानेवारीत पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक पिवळी पुस्तिका दिली होती, ग्राहकाशी काय आणि कसं बोलायचं याची. नववं पान लाइन चार्जेसचं. पहिले तीन महिने माफ, चौथ्यापासून सुरू. खाली जाड अक्षरांत सूचना होती: ग्राहकाने विचारल्याशिवाय हा विषय काढू नये. विचारल्यास ‘सध्या नाही’ असे सांगावे. शिकवणारा माणूस हसून म्हणाला होता, “सध्या हा शब्द विसरू नका, पोरींनो. कायद्याच्या दृष्टीनं तोच तुमचा देव आहे.”

बाकीच्या बेचाळीस घरांत कुणीच विचारलं नाही. विचारलं ते फक्त सिस्टरनी. आणि मी ‘सध्या’सुद्धा म्हणाले नाही. तो शब्द ऐकला असता तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, हे त्यांच्या चष्मा वर सरकवण्यातच मला दिसलं होतं. म्हणून तो मी गिळला. कंपनीनं मला खोटं बोलायला सांगितलं होतं, पण मी बोलले ते कंपनीच्याही एक पाऊल पुढं जाऊन. आपणहून.

रविवारी दुपारी चारला खानविलकर गाडी घेऊन आले. मला पुढच्या सीटवर बसवलं, एसी लावला.

“हे बघ चिकोडे, साधी गोष्ट आहे. दहा-बारा म्हातारी माणसं बोलतील, रागावतील, चहा पितील आणि घरी जातील. त्यांच्या हातात कागद नाही. ते म्हणणार, आम्हाला कुणी सांगितलं नाही. तेव्हा मी तुझ्याकडे बोट करीन. तू उभी राहायचंस आणि म्हणायचंस, मी प्रत्येक घरी तोंडी सांगितलं होतं. बस. एक वाक्य.”

“आणि ते म्हणाले की नाही सांगितलं?”

“म्हणू देत. सत्तरीची माणसं आहेत. विसरतात.” त्यांनी मागच्या सीटवरची बॅग दाखवली. “तुझं पत्र त्यात आहे. सही झालेलं. परत जाताना देतो.”

मी मान डोलावली. माझी सॅक माझ्या मांडीवर होती आणि सॅकमध्ये रोजच्यासारखीच सगळी कागदपत्रं होती, कोरे फॉर्म, पावतीपुस्तक, ती पिवळी पुस्तिका. काही ठरवून मी ती घेतली नव्हती. ती रोजच तिथं असायची.

हॉल म्हणजे कॉलनीच्या बालवाडीची खोली. भिंतींवर गाय, कुत्रा, कमळ. माणसं मात्र दहा-बारा नव्हती; सत्तर तरी असतील. बायका लहान मुलांच्या बाकड्यांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. सिस्टर पांढऱ्या पातळात, पहिल्या रांगेत. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच ‘बस’ म्हटलं.

खानविलकर छान बोलले. त्यांना ते यायचं. कंपनी नवी आहे, तुमच्या आशीर्वादानं वाढते आहे, खांबावरची तार तुटलेली नाही, बरोबर ना? बरोबर, लोक म्हणाले. मग त्यांनी बिलाकडे वळण घेतलं. हा चार्ज फॉर्मवर छापलेला आहे, प्रत्येकानं सही केली आहे.

“इंग्रजीत हाय ते,” मुजावरसाहेब उठले. “चाळीस वर्षं मी झेंडी दाखवली, साहेब. लाल असली की लाल दाखवली, हिरवी असली की हिरवी. तुम्ही आम्हाला हिरवी दाखवून गाडी सोडलीत आणि म्होरं रूळच न्हाई.”

लोक हसले, पण खवळूनच हसले. खानविलकरही हसले.

“साहेब, म्हणूनच आम्ही नुसत्या छापण्यावर राहत नाही. आमची प्रतिनिधी प्रत्येक घरी जाऊन तोंडी सांगते. ही बसली आहे. तिलाच विचारा.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठायच्या आधीच सिस्टर उठल्या.

“तिला विचारायची गरज नाही,” त्या म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता, पण वॉर्डच्या शेवटच्या खाटेपर्यंत जाणारा तो आवाज होता. “मी विचारलेलं आहे. दोनदा. फॉर्म भरताना विचारलं, आणि बिल आल्यावर विचारलं. या मुलीला माहीत नव्हतं. तुम्ही तिला सांगितलंच नाही, साहेब. आम्हाला फसवलंत ते फसवलंतच, पण ज्या लेकराच्या तोंडून फसवलंत त्या लेकरालाही फसवलंत. मी चौतीस वर्षं माणसांचे चेहरे वाचलेत. दुखत असून ‘नाही’ म्हणणारे आणि दुखत नसून ‘हो’ म्हणणारे, दोन्ही मला कळतात. ही पोर खरं बोलतेय. याची जामीन मी.”

कुणीतरी टाळी वाजवली. पाठोपाठ सगळ्यांनी.

खानविलकरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट थोडी मजाच होती. आता तू बोल, अशी.

मी उभी राहिले. माझ्यासमोर दोन वाक्यं तयार होती आणि दोन्ही दुसऱ्यांनी माझ्यासाठी बनवलेली होती. ‘मी सगळ्यांना सांगितलं होतं’ म्हटलं की पुणे. ‘मला माहीत नव्हतं’ म्हटलं की नोकरी कदाचित जाईल, पण ही सत्तर माणसं मला डोक्यावर घेतील. दोन्हीत मी सुटत होते. माझे पाय लटपटत होते असं मी सांगितलं तर ते ऐकायला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मला फार स्वच्छ दिसत होतं. सिस्टर माझ्यासाठी जामीन राहिल्या होत्या, आणि जामीन राहणाऱ्याला आपण कशासाठी राहतोय हे ठाऊक असलं पाहिजे.

“सिस्टर, खाली बसा,” मी म्हणाले. “तुम्ही म्हणता ते खरं नाही.”

सिस्टर खाली बसल्या.

“मला माहीत होतं. जानेवारीपासून माहीत होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. बेचाळीस घरांनी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, आणि सिस्टरनी विचारलं तेव्हा मी सरळ खोटं बोलले. बिल आल्यावर त्यांनी परत विचारलं, तेव्हा परत बोलले.”

“चिकोडे,” खानविलकर हळूच म्हणाले. “बस खाली.”

मी सॅक उघडली. पिवळी पुस्तिका काढली, नववं पान उघडलं आणि ते मुजावरसाहेबांच्या हातात दिलं. ते इंग्रजीत नव्हतं. ते मराठीतच होतं, कारण ते आमच्यासाठी होतं, गिऱ्हाइकासाठी नव्हतं. मुजावरसाहेबांनी चष्मा लावला आणि गाडीचं वेळापत्रक वाचावं तशा खणखणीत आवाजात वाचलं. “ग्राहकाने विचारल्याशिवाय हा विषय काढू नये.” त्यांनी ते दोनदा वाचलं.

नंतर जो गलका झाला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. एवढं सांगते, खानविलकरांनी पुस्तिका परत मागितली आणि मुजावरसाहेबांनी ती सदऱ्याच्या आत, बनियनला लावून ठेवली. “आता ही ग्राहक मंचातच निघंल,” ते म्हणाले. “तिथं या, तिथं देतो.” खानविलकर बाहेर पडताना माझ्यापाशी थांबले. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी स्वतःच्या हातानं काढून घेतलं. कंपनीचं सिमकार्ड त्यांनी मागायच्या आधीच मी दिलं.

“तू मूर्ख आहेस,” ते म्हणाले. “दोन्हीकडून गेलीस.”

तेवढं त्यांचं बरोबर होतं. लोक माझ्या बाजूनं वाट काढत बाहेर जात होते. ज्यांनी मला संक्रांतीला वाण दिलं होतं त्या कुंभोजकरवहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सिस्टर सगळ्यांत शेवटी उठल्या. माझ्या समोरून गेल्या, थांबल्या नाहीत. त्यांच्या चालीत मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. म्हातारपण.

घरी आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. “पुण्याचं राहिलं म्हणायचं,” एवढंच ती म्हणाली, आणि जरा वेळानं, “स्कूटी तरी आपलीच आहे.”

मंचापर्यंत जावं लागलं नाही. मुजावरसाहेबांनी नवव्या पानाच्या झेरॉक्स काढून कंपनीच्या मुंबई ऑफिसला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि तीन वर्तमानपत्रांना रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. अठराव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. नवजीवन कॉलनीच्या त्रेचाळीस जोडण्यांना लाइन चार्जेस कायमचे माफ, घेतलेले परत, आणि कुणाला वर्षाच्या आत बंद करायचा असेल तर दंड नाही. नऊ घरांनी बंद केला. सिस्टरनी चालू ठेवला. नंबर तोच राहिला.

हे मला बाजारात दुसऱ्या कुणाकडून कळलं. सिस्टरकडे जायला मला सहा आठवडे लागले. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन मी परत फिरले होते. तिसऱ्यांदा फिरले नाही.

दार त्यांनीच उघडलं. आत ये म्हणाल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. मी माफी मागायचं वाक्य पाठ करून गेले होते, ते म्हटलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“त्या दिवशी मला राग आला तो तुझा नव्हे,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांसमोर तोंडघशी पडले त्याचाही नव्हे. पडतं माणूस. मला राग आला माझ्या डोळ्यांचा. मी तुझे हात धरले होते, चिकोडे. नाडीवर बोट होतं माझं. तू म्हणालीस, मला माहीत नव्हतं. आणि काहीच हललं नाही. नाडी नाही, पापणी नाही. चौतीस वर्षांत इतक्या सफाईनं खोटं बोललेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. चोवीस वर्षांची पोर तू. मला त्या रात्री तुझी भीती वाटली.”

कुणी कानफटात मारली असती तर बरं, असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, माझ्याबद्दल एवढं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं. दार उघडणाऱ्या माणसाला वाचण्याची जी कला मी मिरवत होते, तिची दुसरी बाजू ही होती. मी कुणाला दिसत नव्हते.

“आता नाही बोलणार, सिस्टर,” मी म्हणाले.

“खोटं?” त्या पहिल्यांदा किंचित हसल्या. “बोलशील. सगळेच बोलतात. मीही बोलले आहे. मरणाऱ्या माणसाला ‘बरा होशील’ म्हटलंय, कितीदा. पण आता बोलताना तुझ्या तोंडावर दिसेल. हॉलमध्ये उभी राहिलीस तेव्हा दिसलं मला. सगळा चेहरा लाल, ओठ थरथरतायत. मी म्हटलं, चला, ही पोर वाचली.”

मला तर वाटत होतं, त्या क्षणी मी अगदी स्थिर होते.

पुढे सांगलीत मी एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागले, आणि आज ती लॅब चालवते. या तेरा वर्षांत सिस्टरचं म्हणणं किती खरं होतं हे मला बऱ्याच जणांनी दाखवून दिलं आहे. एका मुलाकडच्यांनी चहाच्या वेळी “स्वयंपाकाची आवड आहे ना?” असं विचारलं आणि मी “हो” म्हटल्याबरोबर त्याची आई खळखळून हसली. तीच आज माझी सासू आहे.

पण त्या दिवशी दारात हे काही मला माहीत नव्हतं. मी नुसती उभी होते, आत जावं की निघावं ते कळत नव्हतं, आणि तेवढ्यात आत फोन वाजला. सिस्टर वळल्या, भराभर चालत गेल्या, रिसीव्हर उचलला.

“हॅलो? हो, बोल बाई. कुठून बोलतेस? … किती दिवसांचं आहे? … ताप मोजलास का? रडतंय की नुसतं पडून आहे?” त्यांनी टेबलावर हात फिरवला, पेन सापडेना. रिसीव्हर खांद्यात दाबून त्या माझ्याकडे वळल्या. “चिकोडे, अशी दारात काय उभी? आत ये आणि लिही. पाच महिन्यांचं मूल, बेडग, परवापासून ताप.”

मी चप्पल काढली आणि आत गेले.